शनिवारचा आरसा

प्रिय रुचिरा,

काल पाच रस्त्याच्या नाक्यावर तू मला बघितलंस, मी तुला बघितलं, आणि सिग्नल सुटलेला असताना तू उलटी फिरून मेडिकलच्या दुकानात शिरलीस. तुला काय घ्यायचं होतं गं मेडिकलमध्ये? मी शेवग्याच्या शेंगांची मोळी काखेत मारून समोर उभी राहिले, तर तू काउंटरच्या आड टूथब्रश बघत बसलीस. बाहेर यायचं नाव नाही. शेवटी रिक्षावाल्यांनी मला शिव्या घातल्या तेव्हा मी हलले. मी काय तुला खाणार होते? मी तोंडाळ आहे, भांडकुदळ आहे, सगळ्या मार्केटला माहीत आहे. पण तुझ्यावर कधी आवाज चढवला असेल तर तो लसूण अर्धवट सोललास म्हणून, आणि तेव्हा तू खी खी करून हसायचीस. आता फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. बोलून रेकॉर्ड करून पाठवलं असतं, पण तुझा फोन तुझी आई बघते. म्हणून कागद घेतला. पाचवीनंतर मी शाळा बघितलेली नाही, गिऱ्हाइकाच्या पिशवीवर नाव टाकण्यापलीकडे माझं लिहिणं जात नाही. तरी लिहिते. मला जे बोलायचंय ते मधे कोणी न तोडता बोलायचंय. तुम्हीही शनिवारी तसंच करता ना?

तू आणि माझी श्रुतिका पहिलीपासून एका बाकावर. शाळा सुटली की दोघी आधी माझ्या स्टॉलवर यायच्या, कारण तुझी आई बँकेतून उशिरा यायची आणि कुलूपबंद घरात तुला करमायचं नाही. मागच्या स्टुलावर बसून तुम्ही वाटाणे सोलायच्या, फरसबीच्या शिरा काढायच्या. स्टेशनातून उतरलेल्या ऑफिसच्या बायका निवडलेली भाजी घ्यायला थांबल्या की तू त्यांना सांगायचीस, "धुतलेली आहे काकू, पण घरी परत धुवा." मी कपाळावर हात मारायचे. श्रुतिकाचे पप्पा म्हणायचे, ही पोरगी आपला धंदा बसवणार. पण मला आवडायचं ते. म्हटलं, ही कधी कोणाला फसवायची नाही.

मग नववीत तुमचं मंत्रिमंडळ झालं. मुलांनी मतं टाकली, श्रुतिका मुख्यमंत्री, तू शिस्तमंत्री, तो निमेश क्रीडामंत्री, आणि बाकीची. शपथेच्या दिवशी मी स्टॉल बंद ठेवून आले होते, आठवतंय? त्या हॉलच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलंय, सत्य, सेवा, सहकार्य. तुम्ही लाल पट्टे आणि बिल्ले लावून त्याच्याखाली उभ्या होतात. पप्पा नंतर आठवडाभर तिला चिडवत होते, मुख्यमंत्रीसाहेब, आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही तेवढं बघा. आणि ती मला म्हणाली होती, "आई, रुचिरा शिस्तमंत्री झाली ते बरं झालं. माझं काही चुकलं तर माझंच माणूस मला सांगेल." हे तिचं वाक्य मी तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

तुमचा तो आरसा मात्र मला पहिल्यापासून पटला नाही. जुने मुख्याध्यापक श्यामसुंदर सर, त्यांनी चालू केलेला. ते गेले रिटायर होऊन, आरसा राहिला. शनिवारी शाळा सुटली की सगळ्या मंत्र्यांनी चित्रकलेच्या वर्गात सतरंजीवर जोडीजोडीने समोरासमोर बसायचं आणि एकाने दुसऱ्याची एक चूक सांगायची. स्वतःची सांगायची नाही, कारण स्वतःची चूक माणूस नटवून सांगतो म्हणे. ज्याला सांगितली त्याने उत्तर द्यायचं नाही, बाजू मांडायची नाही, फक्त "ऐकलं" म्हणायचं. आणि तिथलं बोलणं वर्गाबाहेर न्यायचं नाही. श्रुतिका मला समजवायची, आई, उत्तर द्यायच्या नादात माणूस ऐकतच नाही, म्हणून हा नियम. मी म्हटलं, आणि समोरचा चुकीचं बोलत असेल तर त्याला कसं कळणार? ती हसली. "आई, तू मार्केटमध्ये वाढलीस." हो, वाढले. मार्केटमध्ये आम्ही एकमेकींच्या सात पिढ्या काढतो आणि संध्याकाळी तिच्याच तराजूवर आपली भाजी तोलतो. मनात काही राहत नाही. तुमच्या शाळेला ते गावंढळ वाटत असेल.

आता त्या दिवसाचं बोलते. सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम होती. पाचवीतली ती बारीकशी हेमांगी रांगेत बडबडत होती, म्हणून तू तिला झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभी केलीस. शिस्तमंत्र्याला तेवढा अधिकार आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. मग तुला कोणीतरी रांगोळीच्या मापासाठी हाक मारली आणि तू गेलीस. ती उभीच. बिचारीला वाटलं, ताईने सांगितल्याशिवाय हलायचं नाही. सकाळी काही खाऊन आली नव्हती. चक्कर येऊन चौथऱ्याच्या कडेवर तोंडावर पडली. पुढचे दात गेले, ओठ शिवावा लागला. श्रुतिका तेव्हा ऑफिसात पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण पाठ करत होती. आरडाओरडा ऐकून पहिली धावली ती, बाईंबरोबर रिक्षातून दवाखान्यात गेली ती, आणि गणवेशावर रक्त घेऊन घरी आली तीच.

तू माझ्याकडे आलीस. तुझ्या घरी गेली नाहीस, माझ्याकडे आलीस. स्टुलावर बसलीस आणि लसूण सोलायला लागलीस, सोलतच राहिलीस. नखं लाल झाली तरी थांबेनास. मी हात धरला तेव्हा म्हणालीस, "काकू, मी विसरले. तिला उभं केलंय हेच मी विसरले." मी तुला ओरडले नाही. चहा पाजला आणि सांगितलं, उद्या सकाळी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये जा आणि हेच असंच्या असं सांग. तू म्हणालीस, शनिवारी आरशात येईलच काकू. या खेपेला माझी जोडी श्रुतिकाशीच आहे. तिला मी सगळं सांगितलंय, तीच सांगेल, मी ऐकलं म्हणेन आणि मोकळी होईन. मला वाटलं, ठीक आहे बाबा, मुलांची त्यांची पद्धत आहे, आपण मधे पडू नये.

शनिवारी श्रुतिका घरी आली ती गप्प. विचारलं तर आरशातलं बाहेर नाही. मला कळलं ते निमेशकडून. घाबरट आहे मेला, घाम पुसत आला, चार लिंबं घेतली, आणि लिंबं निवडता निवडता सगळं सांगितलं. जाताना म्हणाला, काकू, माझं नाव घेऊ नका. मी घेतलं. तुमचे नियम मला लागू नाहीत, आणि त्या वर्गातून बाहेर येऊन बोललेलं ते एकच पोर आहे, त्याचं नाव लपवायचं कशाला?

पहिली पाळी श्रुतिकाची होती. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती म्हणे. आणि ती म्हणाली, "रुचिरा, तू माझ्या डब्यातला आंबोळीचा शेवटचा तुकडा मला न विचारता खातेस." सगळी हसली. तिला मी ओळखते. मैत्रिणीला स्वतःच्या तोंडाने पकडून द्यायला तिची जीभ उचलली नाही. तिला वाटलं असणार, रुचिरा खरी आहे, ती आपली आपण जाऊन बाईंना सांगेल. इकडे तू वाट बघत बसलेली की ती सांगेल. दोघी एकमेकींच्या भरवशावर. तू ऐकलं म्हणालीस. निमेश सांगतो, तुझा चेहरा पांढरा पडला होता. मग तुझी पाळी आली आणि तू म्हणालीस, "मुख्यमंत्री असून त्या दिवशी तू मैदानावर नव्हतीस."

हे तू का बोललीस, यावर मी फार विचार केला. पालक निवडताना केला, बसमध्ये केला. तुला राग आला होता का तिचा, की तिने तुला सोडवलं नाही? का विषय निघावा म्हणून बोललीस, की कोणीतरी विचारेल, मग मैदानावर कोण होतं? मला माहीत नाही. वाक्य खोटं नव्हतं, एवढं खरं. पण आरशावर देखरेखीला सुबोध सर बसले होते ना तिथे. त्यांनी तुला विचारलं, हेमांगीबद्दल बोलतेयस का? तू मान हलवलीस. ते श्रुतिकाकडे वळले. म्हणजे पोरीला उभी करून तू ऑफिसात निघून गेलीस? आणि माझी मुलगी, नियमाची पक्की, ती काय म्हणणार? ती म्हणाली, "ऐकलं."

सरांना तो कबुलीजबाब वाटला. आणि तुम्ही सगळे खाली सतरंजीकडे बघत बसलात. त्या वर्गात कोणी एक अक्षर खोटं बोललं नाही बघ रुचिरा. आणि उठलात तेव्हा सगळं खोटं होऊन बसलं होतं. तुमच्या भिंतीवर सहकार्य लिहिलंय, ते मात्र तुम्ही अगदी मनापासून केलंत. एकत्र गप्प बसलात.

सोमवारी मला बोलावणं आलं. हेमांगीचे वडील येऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर हात आपटून गेले होते, पेपरात देतो म्हणून. आधीच मराठी शाळेचा पट दरवर्षी घसरतोय, बाईंना प्रकरण मिटवायची घाई. हेमांगीलाच विचारा ना म्हटलं, तर तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढून कांदिवलीला मामाकडे नेलेली. मी नंतर तिथेही जाऊन आले. दार उघडलं, मी कोणाची आई ते सांगितलं, दार बंद झालं. त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, तुमच्या मुलीने आरशात मान्य केलंय, सुबोध सरांनीच सांगितलं. मी म्हटलं, माझ्या मुलीने केलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग कोणी केलं, नाव सांगा. तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. श्रुतिका शेजारी उभी. येताना जिन्यात तिने मला बजावलं होतं, आई, तू रुचिराचं नाव घेतलंस तर मी सांगेन की आई खोटं बोलतेय. माझा हात तिने असा दाबला की बांगडी वाढली.  उभ्या जन्मात कोणासमोर गप्प न बसलेली मी, त्या केबिनमध्ये ढिम्म उभी राहिले, आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं ते असं, की बघा, आईलाही माहीत आहे.

बिल्ला काढायचं काम शिस्तमंत्र्याचं असतं हे मला नंतर कळलं. सगळ्या शाळेसमोर तू तिच्या छातीवरचा बिल्ला काढायला गेलीस आणि तुझ्या बोटांना पीन निघेना. तेव्हा तिनेच पीन काढून बिल्ला तुझ्या हातात दिला. आणि फेब्रुवारीत तोच बिल्ला तुझ्या छातीवर लागला. तू नाही म्हणू शकली असतीस गं. तेवढं तरी.

त्यानंतर ती रोज शाळेत गेली. नाटकं नाहीत, रडणं नाही. पाचवीची मुलं तिला बघून जिन्यात भिंतीला चिकटायची, आपल्यालाही उभं करेल म्हणून. ती मुलं तिचा जीव की प्राण होती, तुला माहीत आहे. परीक्षा दिली, मार्क चांगले पडले. मधल्या सुट्टीत एकटी डबा खायची, तेही निमेशनेच सांगितलं. पण घरात काय झालंय ते कोणालाच माहीत नाही. ती भांडायची बंद झाली. आमच्या घरात भांडण म्हणजे रोजचा भाजीपाला. टीव्हीच्या रिमोटवरून, बाथरूमवरून, मी तिला न विचारता तिच्या ओढणीत कोथिंबीर बांधली यावरून. आता पप्पा मुद्दाम चॅनल बदलतात, ती बघत राहते जे लागेल ते. मी एकदा आंबोळीत मुद्दाम मीठ टाकलं नाही. खाल्ली. ताट घासून ठेवलं. मला संताप आला. मी तिला वाटेल ते बोलले. भित्री म्हटलं, मूर्ख म्हटलं, तुझ्यामुळे पप्पांना मान खाली घालावी लागते म्हटलं, जे खरं नाही. म्हटलं बोल काहीतरी, उलट बोल, शिवी दे मला. तिने शांतपणे वर बघितलं आणि म्हणाली, "ऐकलं, आई."

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. तुमच्या सरांनी, तुमच्या शाळेने, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या मुलीला हे शिकवलं. चांगलं वळण लावलं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईच्या पोटी इतकी शहाणी मुलगी कशी आली असं सगळे म्हणायचे. मला नको आहे शहाणी. मला माझी भांडकुदळ परत हवी आहे, आणि ती कुठून आणायची ते मला कळत नाही.

तू वाईट आहेस असं मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं, तुझ्या सोसायटीच्या गेटवर उभी राहून मी तुला कधीच सरळ केलं असतं. तुझी आई परवा माझ्याकडून पालक घेऊन गेली. म्हणाली, "रुचिरा हल्ली फार गप्प असते हो जानकीताई. मुख्यमंत्रीपदाची जबाबदारी अंगावर घेतली पोरीने." मी पालक पिशवीत भरत राहिले, भरतच राहिले, शेवटी तीच म्हणाली, अहो बास, एवढा नको. म्हणजे तूही तिकडे तशीच बसली आहेस. मग दोघींनी मिळून कोणाचं भलं केलंत?

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. श्रुतिकाचा दाखला निघाला. काल माझ्या हातात आला, तोच पिशवीत घेऊन मी घरी येत होते, जेव्हा तू टूथब्रश बघत होतीस. दहावीला ती कुडाळला आत्याकडे राहणार. आम्ही पाठवत नाही, तिनेच मागितलं, आणि इतक्या महिन्यांत तिने मागितलेली ती एकच गोष्ट होती, म्हणून आम्ही हो म्हटलं. रविवारी निघतेय. शाळेत जाऊन कबूल कर असं मी तुला सांगत नाही. त्याची वेळ गेली. तू सांगितलंस तरी बाई ते फाईलमध्ये घालून ठेवतील आणि हेमांगीचे दात काही येणार नाहीत. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, ते तुझं तू बघ. मला एवढंच हवंय की ती जायच्या आधी तू घरी यावंस, तिच्यासमोर बसावंस, आणि त्या शनिवारी बोललीस तेच वाक्य परत बोलावंस. आणि मग तिला उत्तर देऊ द्यावंस. तिथे तिला देता आलं नाही, ते तिच्या घशात अडकून बसलंय आणि त्याच्यामागे बाकीचं सगळं अडकलंय. माझ्यापाशी ते निघत नाही, मी सगळे उपाय करून बघितले. ती ओरडेल, कदाचित हात उचलेल, तर मधे पडायला मी आहे. किंवा तुझ्याकडे बघून तशीच गप्प बसेल, आणि मग आम्हाला कळेल की हे आता असंच राहणार. तू येशील अशी मला फारशी आशा नाही. नाही आलीस तर मी तमाशा करणार नाही, तुझ्या आईलाही सांगणार नाही, श्रुतिकाची शपथ आहे. मी काहीच करू शकत नाही, तेच तर मला सोसवत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. येते म्हण, नाहीतर येत नाही म्हण. तुझ्या तोंडून, फोनवर नाहीतर स्टॉलवर येऊन, स्वतः. शुक्रवारच्या पुढे थांबू नकोस.

तुझीच,
जानकीकाकू